खिडकीची जागा: दुसऱ्यांची दखल घेणाऱ्या गोष्टीचे २४ पानी चित्रपुस्तक कसे करावे

चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी आपुलकीविषयी पुस्तक करायचे ठरवले की पहिला मोह होतो तो सांगून टाकण्याचा. ‘एक खूप चांगली मुलगी होती, ती सर्वांना मदत करायची’ असे वाक्य लिहिले जाते आणि पुस्तक पहिल्याच पानावर संपते, कारण त्यानंतर मुलाला शोधायला काही उरत नाही. हे वय बहुधा अजून सलग वाचणारे नसते. मोठे माणूस वाचून दाखवते आणि तेवढ्या वेळात मुलाचे डोळे चित्रावर फिरत राहतात. म्हणजे आपण ओळ संपवेपर्यंत मुलाचे चित्र वाचून झालेले असते. अशा पुस्तकाची सगळी रचना याच गोष्टीवर उभी करावी असे मला वाटते. चांगुलपणा शब्दांत आणू नये, तो चित्राच्या एखाद्या कोपऱ्यात घडू द्यावा आणि गोष्टीतल्या पात्राच्या आधी तो वाचणाऱ्या मुलाला दिसावा.

पुढे सांगितलेली पद्धत मी एका हस्तलिखित पुस्तकासाठी वापरली आहे. सई नावाची सहा वर्षांची मुलगी आजीबरोबर एसटीने वाईहून पाचगणीला जाते, एवढीच त्याची गोष्ट आहे. प्रत्येक पायरी याच उदाहरणावरून समजावून देतो. आपली गोष्ट चाळीच्या जिन्यात, दवाखान्याच्या बाकावर किंवा गिरणीसमोरच्या रांगेत घडत असेल तरी पायऱ्या त्याच राहतील.

पहिली पायरी: लिहिण्याआधी पंधरा दिवस पाहणे

खिशात मावेल अशी छोटी वही घ्यावी आणि पंधरा दिवस रोज दोन नोंदी कराव्यात. कोणी कोणासाठी काय केले, ते एका वाक्यात लिहावे आणि त्याच्या शेजारी काड्यांच्या माणसांचे चित्र काढावे. ‘बसमध्ये उभ्या असलेल्या बाईंची पिशवी बसलेल्या मुलाने न विचारता मांडीवर घेतली’, ‘कंडक्टरने दुहेरी घंटी द्यायला हात वर नेला होता, पण धावत येणारे आजोबा दिसले म्हणून तो तसाच थांबला’ अशा स्वरूपाच्या या नोंदी असतात. काड्यांच्या चित्रात जी कृती ओळखू येत नाही ती पुस्तकातही ओळखू येणार नाही, म्हणून हे चित्र टाळू नये. ‘त्यांनी त्यांना धीर दिला’ ही नोंद मोलाची असली तरी चित्रात ती दोन बोलणारी माणसे एवढीच उरते. ‘त्यांनी आपली छत्री थोडी तिरकी धरली आणि स्वतःचा खांदा भिजू दिला’ ही नोंद मात्र चित्रात बोलते.

पंधरा दिवसांनंतर हाती आलेल्या नोंदींतून पाच-सहा निवडाव्यात. निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. ती कृती सहा वर्षांच्या मुलाला करता येण्यासारखी किंवा निदान कळण्यासारखी असावी. तिच्याबद्दल कोणी बक्षीस दिलेले नसावे. आणि त्यांपैकी एक तरी कृती करणाऱ्याला थोडी महाग पडलेली असावी. ही तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण मुलांना नको असलेली वस्तू देणे आणि हवी असलेली वस्तू देणे यांतला फरक अगदी नेमका कळतो.

दुसरी पायरी: कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे ते ठरवणे

पाच-सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असतात. गर्दीच्या एसटीत त्या उंचीवरून चेहरे कमी दिसतात. दिसतात त्या पिशव्यांच्या कडा, साडीचे काठ, काठीचे टोक, बाळाचे लोंबणारे पाय आणि आसनांखालची अंधारी जागा. पुस्तकातली निम्मी तरी चित्रे याच उंचीवरून काढावीत. त्यासाठी एकदा प्रत्यक्ष आसनावर बसून, मान खाली घेऊन पाहावे आणि जमल्यास मोबाइल त्या उंचीवर धरून छायाचित्रे घ्यावीत. अनोळखी माणसांचे चेहरे टिपण्याची गरज नसते. आसने, दांडे, घंटीची दोरी आणि पायऱ्या पुरेशा होतात.

यानंतर मुख्य पात्राला एक हवी असलेली गोष्ट द्यावी. सईला खिडकी हवी आहे. वाई ते पाचगणी हे अंतर साधारण बारा-तेरा किलोमीटरचेच आहे, पण त्यात पसरणी घाट आहे, चढताना खाली धोम धरणाचे पाणी दिसते आणि प्रत्येक वळणावर डोंगर जागा बदलतात. सहा वर्षांच्या मुलीला ती खिडकी सोडाविशी वाटणार नाही हे उघड आहे. पुस्तकाचा अर्धा भाग सई बाहेर पाहत असते आणि तिच्या पाठीमागे बसमध्ये बरेच काही घडत असते, जे फक्त वाचणाऱ्या मुलाला दिसते. मग ती आपली खिडकी एका मळमळणाऱ्या मुलाला देते, बाहेरचे दिसणे बंद होते, आणि म्हणून प्रथमच तिची नजर आत वळते. खिडकी सोडल्यामुळेच तिला माणसे दिसतात. गोष्टीचा असा सांधा सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. माझा तो सापडायला दोन महिने लागले आणि तोवर केलेली चित्रे बाजूला ठेवावी लागली.

तिसरी पायरी: पानांचा हिशेब

कागद एकदा दुमडला की चार पाने होतात, म्हणून मधोमध टाचलेल्या पुस्तकाची पाने नेहमी चाराच्या पटीत येतात. छापखान्यात मोठ्या तावावर आठ किंवा सोळा पानांचे फर्मे (एकत्र छापायच्या पानांचे गट) बसवतात, त्यामुळे १६, २४ आणि ३२ हे आकडे चित्रपुस्तकांत पुन्हा पुन्हा दिसतात. पहिल्या प्रयत्नासाठी २४ पाने योग्य ठरतात. मुखपृष्ठ वेगळे धरावे. पान १ एकटे उजवीकडे येते, पान २४ एकटे डावीकडे येते आणि मधल्या २२ पानांच्या ११ जोड्या होतात. गोष्ट पानांत मोजू नये, जोड्यांत मोजावी, कारण पुस्तक उघडल्यावर मुलाला दिसते ती पूर्ण जोडी.

सईच्या पुस्तकाची मांडणी अशी झाली. पान १ वर नाव आणि रिकामी खिडकी. २–३ वर वाईचे स्थानक आणि चढणारी माणसे: भाजीची मोठी पिशवी घेतलेल्या मावशी, काठी टेकत येणारे आजोबा, कानात इयरफोन घातलेला कॉलेजचा दादा, पिवळे टोपडे घातलेल्या तान्ह्या बाळाची आई आणि गणवेशातला एक मुलगा. ४–५ वर सईला खिडकी मिळते. ६–७ वर कंडक्टर आजोबांसाठी थांबतो. ८–९ वर सई बाहेरचा ऊस पाहते. तिच्या मागे दादा मावशींची पिशवी मांडीवर घेतो आणि बाळाचे टोपडे खाली पडते. १०–११ वर घाट लागतो, बस डावीकडे झुकते आणि टोपडे आसनाखाली सरकते. १२–१३ वर पूर्ण घाटरस्ता. १४–१५ वर बस उजवीकडे झुकते, टोपडे परत येते आणि गणवेशातल्या मुलाचा चेहरा उतरतो. १६–१७ वर सई त्याला खिडकी देते. १८–१९ वर ती आत वळून पाहते. २०–२१ वर टोपडे हातोहात बाळापर्यंत पोचते. २२–२३ वर पाचगणीला सगळे उतरतात. पान २४ वर पुन्हा रिकामी खिडकी.

यात टोपड्याचा एकाही ओळीत उल्लेख नाही. वस्तू पडते, सरकते, हरवते आणि सापडते, एवढा तिचा प्रवास फक्त चित्रांत होतो, आणि वळणागणिक आसनाखालची वस्तू इकडून तिकडे जाणे ही घाटातल्या बसमध्ये खरोखर घडणारी गोष्ट असल्यामुळे ती ओढूनताणून आणलेली वाटत नाही. आपल्या गोष्टीतही अशी एक मूक वस्तू शोधावी. ती लहान असावी, कोणाला तरी लागणारी असावी आणि ती हलण्याचे कारण त्या जागेतूनच यावे.

चौथी पायरी: मजकूर लिहिणे आणि मग खोडणे

पूर्ण पुस्तकाला अडीचशे ते तीनशे शब्द पुरतात. पहिला खर्डा मोकळेपणाने लिहावा आणि दुसऱ्या दिवशी त्यातून ‘दयाळू’, ‘प्रेमळ’, ‘मदत’, ‘चांगली’, ‘शहाणी’ हे शब्द शोधून काढून टाकावेत. जिथे शब्द निघून गेल्यावर अर्थ उरत नाही, तिथे चित्र अपुरे आहे असे समजावे आणि चित्र सुधारावे. माझ्या पहिल्या खर्ड्यात पान १६–१७ वर असे होते: ‘सईला त्या मुलाची दया आली. तिने मोठ्या मनाने आपली जागा त्याला दिली.’ आता तिथे एवढेच आहे: ‘“तू इथे बस,” सई म्हणाली. गार वारा आत आला.’ वाऱ्याचे वाक्य त्या मुलाचे आहे, कारण वारा त्याला हवा होता. आणि वाचून दाखवणारा माणूस त्या वाक्याशी आपोआप थांबतो.

पान १४–१५ पूर्णपणे शब्दांविना ठेवले. सई बाहेर पाहते आहे, शेजारचा मुलगा तोंडावर हात धरून बसला आहे आणि काय झाले आहे ते सांगायला कोणी नाही. अशी एक तरी मूक जोडी पुस्तकात असावी आणि ती निर्णयाच्या अगदी आधी यावी, म्हणजे पान उलटण्यापूर्वी मूल स्वतःच काही सुचवते.

संवाद मात्र जसे बोलले जातात तसेच ठेवावेत. ‘सरका की जरा पुढं’, ‘द्या ती पिशवी इकडं’, ‘पोरीला बसू दे खिडकीशी’ ही वाक्ये सातारा जिल्ह्यातल्या एसटीत ऐकू येतात, आणि ती शुद्ध करून लिहिली तर बसच बदलते. निवेदनाची भाषा साधी प्रमाण ठेवावी. जोडाक्षरे टाळण्याचा आटापिटा करू नये. ‘स्टँड’, ‘कंडक्टर’, ‘म्हणाली’ हे शब्द मुलांच्या कानांना सवयीचे असतात. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावी, आणि जिथे दम लागतो तिथे ती तोडावी.

पाचवी पायरी: चित्रे

चित्रकला उत्तम असण्याची अट नाही, पण सातत्य हवे. प्रत्येक पात्राला एक न बदलणारी खूण द्यावी आणि सगळ्या पात्रांचे एक तक्ता-चित्र करून भिंतीवर लावावे, म्हणजे पाचव्या जोडीत आजोबांची टोपी नाहीशी होणार नाही. मुले हे हमखास पकडतात आणि मग गोष्ट सोडून टोपीच शोधत बसतात.

शोधायच्या वस्तूसाठी एक रंग राखून ठेवावा. माझ्या पहिल्या नमुन्यात टोपडे निळे होते आणि आसनेही निळी होती, त्यामुळे ते कोणालाच दिसले नाही. नंतर ते पिवळे केले आणि पुस्तकात इतरत्र कुठेही पिवळा वापरला नाही. मावशींच्या पिशवीतली लिंबेसुद्धा हिरवी ठेवली.

पात्रांच्या नजरांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण दखल घेणे हे चित्रात नजरेच्या दिशेनेच कळते. कोण कोणाकडे पाहत आहे याच्या पेन्सिलीने बारीक रेघा काढाव्यात आणि नंतर पुसाव्यात. १८–१९ या जोडीत सई आत वळते तेव्हा बसमधल्या प्रत्येक माणसाची नजर कुठे तरी पोचलेली आहे: आजी पिशवीत काही शोधते आहे, दादा मावशींच्या पिशवीतून घरंगळणारा टोमॅटो थांबवतो आहे, कंडक्टर बाळाकडे पाहून ओठ मिटून हसतो आहे. हे चित्र काढायला सर्वांत जास्त वेळ द्यावा. त्यात एकही माणूस नुसता गर्दी म्हणून उभा नसावा.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ज्याला मदत मिळते त्याचे चित्र केविलवाणे करू नये. म्हातारा, अपंग किंवा गरीब माणूस फक्त घेण्यासाठी पुस्तकात आला, तर मूल त्याच्याकडे वरून पाहायला शिकते आणि पुस्तकाचा हेतू उलटतो. माझ्या खर्ड्यात काठीवाले आजोबा आधी फक्त जागा मिळवत होते. नंतर असे केले की सईला टोपडे दिसते, पण तिचा हात आसनाखाली पोचत नाही, आणि आजोबा काठीच्या वाकड्या मुठीने ते बाहेर ओढतात. जी काठी आपण अशक्तपणाची खूण म्हणून काढली होती तिच्याशिवाय टोपडे सापडलेच नसते. आपल्या प्रत्येक पात्राबाबत विचारावे: याने काय घेतले आणि याने काय दिले? एखाद्याच्या पुढे फक्त पहिलाच रकाना भरत असेल तर गोष्ट अजून पुरी झालेली नाही.

सहावी पायरी: कच्चा नमुना बांधणे

ए-फोर आकाराचे सहा कागद एकात एक ठेवून मध्ये दुमडले की ए-फाइव्ह आकाराची २४ पाने तयार होतात. वर्गात दाखवायचे असेल तर ए-थ्री कागद घ्यावेत, म्हणजे पान ए-फोर होते आणि मागच्या मुलांनाही दिसते. पाने सुटी रंगवून नंतर लावायची असतील तर एक हिशेब उपयोगी पडतो: कागदाच्या एकाच बाजूला येणाऱ्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी २५ येते. २४ आणि १ एकत्र, २ आणि २३ एकत्र, याप्रमाणे थेट १२ आणि १३ पर्यंत. ही शेवटची जोडी एकाच अखंड कागदावर येत असल्यामुळे दोन्ही पानांवर पसरणारे चित्र तिथेच सर्वांत सुरक्षित असते; म्हणून घाटरस्ता तिथे ठेवला. इतर जोड्यांत दोन अर्धी चित्रे वेगवेगळ्या कागदांवरून येतात आणि थोडी खालीवर होतात. चेहरा, हात किंवा शोधायची वस्तू मधल्या घडीवर कधीही येऊ देऊ नये.

लांब हाताचा स्टेपलर नसेल तर घडीवर तीन छिद्रे पाडून जाड दोऱ्याने शिवावे. मधल्या छिद्रातून आत जाऊन, वरच्या आणि खालच्या छिद्रांतून फिरून पुन्हा मधल्या छिद्राशीच गाठ मारली की पुस्तक कितीही वेळा उघडले तरी टिकते.

सातवी पायरी: मुलांसमोर वाचणे आणि गप्प राहणे

या पायरीला मी सर्वांत जास्त वेळ देतो. चार-पाच मुले पुरेत. त्याहून जास्त असली तर धीट मुलेच बोलतात. पुस्तक छातीशी धरून, चित्र मुलांकडे ठेवून वाचावे, म्हणजे मुलांचे डोळे कुठे जातात ते आपल्याला दिसते. प्रत्येक जोडी वाचून झाल्यावर मनात दहा आकडे मोजावेत आणि मगच पान उलटावे. हे दहा आकडे फार लांब वाटतात, पण मुले बहुधा सहा-सातनंतरच बोलू लागतात.

‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न विचारू नये. तो विचारला की मुले शाळेतले उत्तर देतात आणि पुस्तक मिटते. ‘तुला काय दिसलं?’, ‘मागच्या पानावर हे कुठं होतं?’, ‘ती आता कुणाकडं बघते आहे?’ असे प्रश्न पुरतात. शेजारी एका मोठ्या माणसाला फक्त नोंदी करायला बसवावे: कोणत्या पानावर कोणी बोट ठेवले, कुठे हसू आले, कुठे चुळबूळ झाली.

एका वाचनात एका मुलीने टोपडे पान ८–९ वर पाहिले, पण ती बोलली नाही. तीन जोड्यांनंतर तिने शेजारच्या मुलाच्या कानात सांगितले आणि मग दोघे मिळून पुढच्या प्रत्येक पानावर ते शोधत राहिले. त्याच वाचनात दुसऱ्या मुलाने १४–१५ वर विचारले, ‘त्याला उलटी झाली तर? त्याच्याकडं लिंबू नाही का?’ ते मला सुचले नव्हते. घाटात निघताना लिंबू किंवा आलेपाक जवळ ठेवणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्या मुलाने घरचे पाहिलेले पुस्तकात शोधले. म्हणूनच १८–१९ वर आजी पिशवीत हात घालते आणि २०–२१ वर गणवेशातल्या मुलाच्या हातात आलेपाकाची वडी दिसते. त्याविषयीही शब्द नाहीत.

तीन वेगवेगळ्या गटांत वाचल्याशिवाय अंतिम चित्रांना हात लावू नये.

आठवी पायरी: छपाईची तयारी

चित्रे ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन करावीत. मूळ चित्र पानाहून लहान असेल तर ६००वर. रंग कागदाच्या कडेपर्यंत जात असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचे चित्र ठेवावे आणि मजकूर कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत असावा. फाइल देताना रंग सीएमवायके या छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत बदलून एक नमुना पान छापून पाहावे, कारण पडद्यावरचा तेजस्वी पिवळा कागदावर मळकट होऊ शकतो, आणि आपले सगळे टोपडे त्या पिवळ्यावर अवलंबून आहे. आतील पानांना १२० ते १३० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) आणि मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएम कागद चालतो.

अक्षरे १८ ते २२ पॉइंटची, ठसठशीत आणि साधी असावीत. मुक्ता, बालू यांसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी टंक (फाँट) उपलब्ध आहेत. मुलांना पाठ्यपुस्तकात दिसणाऱ्या मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या फाइलमध्ये येत आहेत का, ते नक्की तपासावे. काही टंकांत मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच ही वळणे येतात.

विक्रीसाठी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, हवा असल्यास राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करता येतो आणि त्यासाठी शुल्क नसते. पुस्तक विनामूल्य सर्वांपर्यंत पोचवायचे असेल तर ‘प्रथम बुक्स’ या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीविव्हर’ या ऑनलाइन मंचावर मराठी गोष्टी मुक्त परवान्याने ठेवता येतात आणि इतर भाषांत त्यांचे अनुवाद होऊ शकतात.

शेवटचे पान

पान २४ वर काही ओळी लिहाव्यात असे मनात येईल. तिथे आधी मीही दोन ओळींचा उपदेश लिहिला होता. तो खोडला आणि रिकामे आसन व उघडी खिडकी एवढेच ठेवले. वाचन झाल्यावर मुलांना हाताएवढे कागद द्यावेत, पुढच्या फेरीला तिथे कोण बसेल ते काढायला सांगावे आणि ती चित्रे त्या पानावर एका कडेने चिकटवावीत. माझ्या प्रतीत आता तिथे एक शेळी घेतलेला माणूस आहे, झोपलेल्या दोन बहिणी आहेत, एक पोस्टमन आहे आणि कोणाच्या तरी हातून खाली पडलेली, अगदी छोटी, लाल चप्पल आहे.